तिच्या वाटचं काम कोण करणार?

शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला थांबून, बाजाराच्या दिवशी रस्त्यात गाठून, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून आईबाप मला एकच विचारतात. "मॅडम, आमची पोट्टी पळते तर चांगली. पुढं जाईन काय? अन् पैसे किती लागतीन?" मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडेच येणार. परवा तुम्हीही तेच विचारलंत. रस्त्यात उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पैशाचं आधी उरकून टाकते. बुटांचा एक बरा जोड लागतो. डांबरी रस्त्यावर तो लवकर झिजतो, म्हणून वर्षात दुसराही घ्यावा लागेल. स्पाइक्सचं, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचं, पुढे बघू, विभागाच्या स्पर्धेपर्यंत मजल गेल्यावर. बाकी जाण्यायेण्याचं भाडं आणि बाहेरगावचा खाण्यापिण्याचा खर्च. शाळा, ग्रामपंचायत, गावातला एखादा कृषी केंद्रवाला मिळून एवढं जमवता येतं, आजवर जमत आलं आहे. पैशासाठी थांबलेली पोर मी क्वचितच पाहिली. थांबल्या त्या बहुतेक दुसऱ्याच गोष्टीपायी थांबल्या. म्हणून तुम्ही पैशाचं विचारता तेव्हा मी उलट विचारते, तिच्या वाटचं काम कोण करणार?

शालेय स्पर्धा आणि आपली शेती एकमेकींना आडव्या येतात. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात होतात, मग जिल्हा, मग विभाग, आणि राज्य दिवाळीच्या मागेपुढे. नेमकं तेव्हाच सोयाबीन सोंगायला येतं आणि ते घरात पडत नाही तोच कापूस फुटतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की वेचणी सुरू, ती पार संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. वेचायला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोवर मजुरी मोजावी लागते. फुटलेला कापूस झाडावर ठेवून चालत नाही. अवकाळी पाऊस आला की भिजतो, काळवंडतो आणि भाव पडतो. अशा दिवसांत पंधरा वर्षांची पोर म्हणजे घरातला एक अख्खा माणूस असतो. विभागाच्या शर्यतीच्या आधी तिला शेतातून मोकळी करा, असं सांगताना मी तुमच्याकडे काय मागते आहे ते मला कळतं. मीही कापूस वेचतच मोठी झाले.

वेचणी पाहायला हलकी वाटते. कापूस टाकायला कमरेला ओटी बांधायची, वाकायचं आणि दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत जायचं. ओटी भरत जाते तशी कंबर ओढली जाते. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला घुसतात. दिवसभर हे करून पोर संध्याकाळी मैदानावर आली की मी आधी तिची बोटं बघते. नखांच्या बाजूला लाल चिरा दिसल्या की त्या दिवशी तिला पळवत नाही. दोन फेऱ्या चालवते आणि घरी पाठवते.

आमच्याकडे एक मुलगी तीन हजार मीटर पळायची. तिचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात पहिली आली आणि विभागाची तारीख ऐन वेचणीत निघाली. मी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, बाप ओसरीवर, पोर दाराआड. मी म्हटलं, स्पर्धा होईपर्यंत हिला वेचणीला नेऊ नका. कोणीच बोलेना. मग आतून तिची मोठी काकू बाहेर आली. "तिच्या वाटची ओटी म्या बांधीन," ती म्हणाली, "पण सकाळचे भांडे अन् पाणी कोण करन?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूने नजर पोरीच्या मोठ्या भावाकडे वळवली. बाप पुटपुटला, "थो पोट्टा हाय." काकू म्हणाली, "मंग? त्याले हात नाही काय?"

दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा हापशीवर दिसू लागला. पहिले काही दिवस त्याला मित्रांनी छळलं. नंतर त्याच मित्रांपैकी दोघं त्याच्याबरोबर बादल्या उचलू लागले. ती पोर राज्यापर्यंत गेली. गावात फ्लेक्स लागला, त्यावर तिचा फोटो, सरपंचांचा फोटो, माझाही फोटो. काकूचा नव्हता. ते मला अजून खुपतं.

काम हलकं करा म्हणते ते पळायला वेळ मिळावा एवढ्यासाठीच नाही. पळून झाल्यावर माणूस निजतो, खातो, तेव्हा शरीर आपली झीज भरून काढतं आणि पुढच्या वेळी थोडं जास्त झेपेल अशी तयारी करतं. आपल्या पोरींच्या दिवसातून नेमका हाच भाग गायब असतो. पहाटे पळायचं, मग झाडलोट, मग शाळा, मग शेत, रात्री भांडी. असा दिवस काढणारी मुलगी पहिले दोन महिने वेळ सुधारते आणि मग तिची वेळ बिघडत जाते. घरचे म्हणतात, "हिच्यात आता थे राह्यलं नाही." तिच्यात सगळं असतं, तिची झोप तेवढी झालेली नसते.

तसंच रक्ताचं. दम लवकर लागतो म्हणून आलेल्या मुलीला मी सगळ्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली असलं तर तो रक्तक्षय समजतात, आणि ज्या पोरी धापा टाकतात त्यांच्यापैकी कितीतरी जणींचं त्याखालीच निघतं. स्नायूंना प्राणवायू पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं. तेच कमी असेल तर शिट्टी वाजवून मी तिला किती पळवणार? शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती खाल्ली का, हे घरी रोज नाही तर निदान त्या दिवशी विचारा. जेवल्याबरोबर कोरा चहा देऊ नका, त्याने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. डाळ, हरभरे, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, चालत असेल तर अंडी. यातलं महागडं काही नाही. मात्र आपल्याकडे बायका आणि पोरी शेवटी जेवतात आणि तोवर वरणाचं नुसतं पाणी उरतं. पळणाऱ्या पोरीला पहिल्या पंगतीला बसवा. तिच्या आईलाही बसवलंत तर मला फार आनंद होईल.

आता पहाटेचं. एकट्या मुलीला अंधारात रस्त्यावर पाठवायला कोणतेच आईबाप तयार नसतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आमच्या एका धावपटूचे आजोबा रात्री जागलीला जायचे, रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पीक खातात म्हणून. पहाटे घरी परतताना ते पुलावर बसून राहायचे, हातात काठी आणि बॅटरी. नात पुलापासून फाट्यापर्यंत जाऊन यायची. दर खेपेला ती समोरून आली की आजोबा मोठ्याने "हां!" म्हणायचे, बस. रात्रभर जागलेला म्हातारा माणूस घरी जाऊन निजायचं सोडून तिथे बसायचा. त्यांना वेळ मोजता येत नव्हती, स्पर्धा कुठली तेही माहीत नव्हतं. पण त्या पोरीचा पहाटेचा सराव चुकला नाही तो त्यांच्यामुळे.

शिवाय आपल्या गावांत दुसरी एक सोबत तयार असते, ती म्हणजे पोलीस भरतीची पोरं. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्यामुळे दर गावाच्या रस्त्यावर पहाटे चारदोन जण पळत असतातच. त्यांच्यातल्या समजूतदार मुलांना मी सांगते, हिला तुमच्यामागे धरून न्या, पुढे पळून दाखवू नका, तिच्या चालीने पळा. त्यांचा स्वतःचा सराव त्यात थोडा मंदावतो, तरी ती करतात. एकटीने पळताना जी चाल सुटते ती कोणाच्या तरी मागे टिकते.

जगातला सगळ्यात मोठा धावपटूसुद्धा हेच करतो. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नामध्ये केनियाच्या एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचं अख्खं अंतर, ४२ किलोमीटरच्या वर, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. दोन तासांच्या आत हे अंतर याआधी कोणीही पळालं नव्हतं. त्याच्याभोवती पाळीपाळीने ४१ धावपटू पळत होते, वारा अडवत, चाल राखत. त्यांच्यात ऑलिंपिक पदकं मिळवलेली माणसं होती. अशी पाळीपाळीने मदत चालत नाही म्हणून ती वेळ अधिकृत विक्रमात धरत नाहीत. मला तो नियम पटतो. तरीही ऑलिंपिकचं पदक घरी असलेला माणूस दुसऱ्यासाठी वारा अडवायला उतरतो, हे मी आमच्या भरतीच्या पोरांना दरवर्षी सांगते.

पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. ही गोष्ट सांगायलाच हवी. पण ती इतकी सांगितली जाते की पाठिंबा म्हणजे कोणीतरी मोठ्या माणसाने मोठी रक्कम देणं, असं आपल्याला वाटू लागतं. आपल्या विदर्भातला क्रिकेटचा वेगवान गोलंदाज उमेश यादव बघा. वडील नागपूरजवळच्या कोळसा खाणीत कामगार. पोलिसात जायचा प्रयत्न त्यानेही केला होता, तो जमला नाही. टेनिस बॉलवर खेळणारा हा पोरगा २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला, तेव्हा कर्णधार प्रीतम गंधे त्याच्या पाठीशी उभे राहिले. २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळला, विदर्भाच्या संघातून तिथवर पोचलेला पहिलाच. गंध्यांनी कुठे घर गहाण टाकलं नव्हतं. चेंडूत वेग आहे हे ओळखलं आणि योग्य माणसांपाशी त्याच्यासाठी शब्द टाकला. असा शब्द टाकायचं काम माझं, ते मी करीन.

एक अट मात्र आधीच सांगते. मोठीच्या वाटचं काम वाटायची वेळ आली की ते गुपचूप धाकटीच्या अंगावर जातं. कोणी ठरवत नाही, तसं होऊन जातं. मोठी मैदानावर येते आणि धाकटीची शाळेची हजेरी खाली येते. हजेरीपट माझ्याही हाताखालून जातो, मला ते दिसतं. तसं दिसलं की मी मोठीचा सराव थांबवते आणि तुमच्या घरी येते. एका पोरीचं पदक दुसरीच्या शाळेवर उभं राहणार असेल तर मला ते पदक नको. काम मोठ्यांनी वाटून घ्यावं, आणि मुलग्यांनी. मुलग्यांनी आधी.

आणि पुढं जाईन काय, हे विचारलंत त्याचं खरं उत्तर हे, की आज कोणालाही सांगता येणार नाही. तुमच्या मुलीचा दम चांगला आहे, शेवटच्या फेरीत ती मान टाकत नाही. पण राज्याच्या पुढे जाणाऱ्या फार थोड्या असतात. राष्ट्रीय पातळीवर चमकली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. नाही चमकली तर भरतीचे ८०० मीटर तिला सोपे जातील. दोन्हींपैकी काहीच झालं नाही, तरी ही तीनचार वर्षं तिची राहतील आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही हे करावं.

सोमवारी शाळा सुटल्यावर या. तुमचा मुलगा नववीत आहे म्हणालात, येताना त्यालाही घेऊन या.