कूलिज: किनाऱ्यावरून चालत गाठायचं बुडालेलं जहाज

प्रशांत महासागरातल्या व्हानुआतू देशाच्या एस्पिरितू सांतो बेटावरच्या लुगनव्हिल बंदराजवळ ‘प्रेसिडेंट कूलिज’ डाव्या कुशीवर पडलंय. 1931 सालचं, जवळपास 200 मीटर लांबीचं हे आलिशान प्रवासी जहाज युद्धात सैनिक वाहत होतं. 26 ऑक्टोबर 1942 ला बंदरात शिरताना ते अमेरिकेनेच पेरलेल्या दोन सुरुंगांवर आदळलं. सुरुंगांची माहिती कप्तानाला दिलेल्या आदेशात नव्हतीच! त्याने जहाज किनाऱ्याकडे नेऊन रुतवलं, म्हणून 5,340 पैकी दोघेच गेले. दीडेक तासात ते कलंडून उतारावरून खाली घसरलं.

इथे डुबकी मारायला बोट लागत नाही. सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्यात शिरायचं आणि दोरीच्या आधाराने खाली जायचं. मात्र ही सोय फसवी आहे. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, सुमारे 20 मीटरवर, तर मागचं टोक 70 मीटरच्या आसपास. जहाजालगत पुढे सरकत राहिलं की खोली नकळत वाढते. मालवणला एकदा हौसेने डुबकी मारली, एवढ्या अनुभवावर इथे येऊ नये.

सगळ्यांना बघायची असते ती ‘लेडी’: युनिकॉर्नसोबतची स्त्री, चिनी मातीचं उठावचित्र, सुमारे 40 मीटरवर. तिथे दाब पाचपट, म्हणजे हवाही पाचपट लागते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार (दाबाचं एकक) दाबाला 2,400 लिटर हवा. वर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर तिथे 100. कागदावर 24 मिनिटं होतात. राखीव हवा आणि परतीची वाट धरली की निम्मीही उरत नाहीत. शिवाय वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. असे टप्पे न घेता वर यायचं तर खाली जेमतेम 8-9 मिनिटंच राहता येतं. तेव्हा टप्प्यांचा हिशेब आधीच मांडा. 32 टक्के नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) या खोलीला चालत नाही, त्यातल्या ऑक्सिजनचा दाब 1.6 बारपर्यंत जातो आणि तो धोकादायक ठरतो.

आत जहाज आडवं असल्याने जमिनीची भिंत झालेली असते, दिशा चटकन चुकते. फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) जोरात मारलात तर गाळ उठतो आणि हातातला टॉर्चही दिसेनासा होतो. वाटाड्याशिवाय आत शिरूच नका. आतलं काही उचलायचं नाही, 1983 पासून जहाज संरक्षित आहे.

शेवटच्या डुबकीनंतर 24 तास विमान टाळा. तो दिवस जवळच्या मिलियन डॉलर पॉइंटला द्या. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी ट्रक आणि बुलडोझर तिथे समुद्रात ढकलले. तिथे स्नॉर्कल (पाण्यावर तरंगत श्वास घ्यायची नळी) पुरतो, पण गंजलेलं लोखंड धारदार आहे. जाड तळाचे बूट हवेतच.