समजूतदार

काल प्रोबेशनवाले साहेब घरी येऊन गेले. चहा नको म्हणाले, नुसतं पाणी घेतलं. अभ्यास कसा, मित्र कोण, राग आला की काय करतो, तासभर विचारत होते. मी म्हटलं, “वयाच्या मानानं फार समजूतदार आहे हो तो.” तेवढ्यावर थांबायचं ना! 2019 चा महापूरही सांगितला. गावभागात पाणी शिरत होतं, आम्ही दोघं टीव्ही कुठं ठेवायचा म्हणून भांडत होतो, आणि अकरा वर्षांच्या पोरानं आजीच्या गोळ्या नि रेशनकार्ड कॅरीबॅगेत घालून गाठसुद्धा मारली होती. साहेबांनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

संध्याकाळी वकिलांना फोनवर सांगितलं तर ते गप्पच. मग म्हणाले, “वहिनी, हे बोलायला नको होतं.” सोळा पूर्ण झालीत, गुन्हा खुनाचा. बाल न्याय कायद्याच्या कलम 15 खाली बाल न्याय मंडळ आधी हेच बघणार, परिणाम कळण्याइतकी समज होती का. होती म्हटलं तर केस वर जाऊ शकते, मोठ्या माणसासारखी चालवायला. “फाशी नाही होत,” म्हणाले. धीर देत होते.

समजूतदार. नणंदेपुढं, शाळेतल्या बाईंपुढं, खालच्या काकूंपुढं किती मिरवला हा शब्द. काकू आता जिन्यात मी दिसले की मोबाईल कानाला लावतात. जाऊ दे. त्या पोराची आई रात्री काय करत असेल... नको.

ह्यांना उठवून विचारलं, मी चुकले का? “खरं तेच बोललीस,” म्हणाले नि कूस बदलली. खरं! खरं बोलून पोराला अडकवलं की मी.

पहाटे वही घेऊन बसले, त्याचा पोरकटपणा आठवायला. पाल दिसली की खुर्चीवर चढतो. भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचतो, उरलेलं बहिणीपुढं सरकवतो. ओला टॉवेल गादीवर टाकतो. पण हे तर ह्यांचंही, पन्नाशी उलटली तरी. मग ह्यांनाही अज्ञान धरायचं काय? साडेपाचला ओट्यापाशी एकटीच हसले.

आज भेट होती. बारीक झालाय. निघताना हळूच म्हणाला, “आई, बाबांच्या बीपीच्या गोळ्या पंधरा तारखेला संपतात. विसरशील.”

“गप्प बस,” म्हटलं, आणि मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.