निळ्या पालीची सोयरीक: विल्यमसायची यंदाची नोंद

मार्चअखेर
नर-मादी एकदाचे एका टेरेरियममध्ये, म्हणजे पाली पाळायच्या काचेच्या पेटीत. 'पाल दिसली की लोक झाडू शोधतात, आणि आमचा मुलगा जर्मनीत बसून पालींची लग्नं लावतो,' असं आई सगळ्यांना सांगते. असो.

लायगोडॅक्टिलस विल्यमसाय या पालीच्या जातीचा नर झळझळीत निळा, गळा काळा, मादी हिरवट-तपकिरी. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. दुसऱ्या नरापुढे दबलेला नरही हिरवट पडतो आणि मादी म्हणून सर्रास गळ्यात मारला जातो. शेपटीच्या बुडाशी फुगवटा आहे का, गुदद्वाराच्या वर छिद्रांची रांग आहे का, हे भिंगातून बघायचं आणि मगच जोडी लावायची. दोन नर एका काचेत म्हणजे एकाचा बळी.

एप्रिल
दिवा जास्त वेळ, खायला घालायच्या फळमाश्यांना कॅल्शियमची पावडर. नर रंगात आलाय. अंग चपटं करून बाजू दाखवतो, गळा फुगवतो, मान झटक्याझटक्याने हलवतो. गंमत म्हणजे काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबालाही हाच थाट! म्हणून मी नराकडे कमी, मादीकडे जास्त बघतो. ती सतत पळत असेल, कोपऱ्यात दबून बसत असेल, तर वेगळं करा. आमची बांबूवर जागची हलली नाही. नर थांबत थांबत जवळ आला, मानगूट दातांत धरलं, शेपटी तिच्या शेपटीखाली सरकवली. मानेवर पुसट खूण राहिली. कातडी फाटली नसेल तर काळजी नको.

मे
तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरे फुगवटे दिसतायत, तो कॅल्शियमचा साठा. अंडी दोन, बांबूच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटवलेली. खरवडायला गेलात की फुटलीच. वर जाळीचं झाकण बसवलंय, कारण आईबापच पिल्लं मटकावतात. आता दोन-तीन महिने वाट बघणं.

कागदपत्रांबद्दल कुणीतरी विचारलं होतं. 2017 पासून ही जात सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 1 मध्ये, सगळ्यात कडक यादीत आहे. युरोपात घरी जन्मलेलं पिल्लू विकायलाही प्रमाणपत्र लागतं. कटकट आहे, पण रास्त आहे. ही पाल टांझानियातल्या किम्बोझा आणि आसपासच्या जंगलांत, केवड्याच्या जातकुळीतल्या पँडॅनसवर राहते. पकडणाऱ्यांनी पालींसाठी ती झाडंच आडवी केली. 2004 ते 2009 या काळात एका टोळीनेच 32 हजारांहून जास्त पाली उचलल्याचा अंदाज आहे. आपल्या काचेतल्या पिल्लांनी ते जंगल भरून निघणार नाही. फार तर रानातून आणलेल्या पालीचं गिऱ्हाईक कमी होईल.

पिल्लं जगली तर पुढे वेगळ्या वंशाचा नर लागेल. कुणाकडे असेल तर कळवा. कागद नसलेला फुकटातही नको.