पैठणवरचा तो स्प्राइट मागे घेतोय

मागच्या नोंदीत नाचत नाचत एक लाल फ्रेम दाखवली होती, पैठणच्या विजेवर स्प्राइट (वादळी ढगाच्या खूप वर, विजेबरोबर क्षणभर चमकणारा लाल उजेड) सापडला म्हणून. ती विसरा. स्प्राइट नव्हता तो. भूत होतं, लेन्समधलं: विजेच्या उजेडाचं नुसतं प्रतिबिंब.

शनिवारी रात्री त्या फ्रेमची प्रिंट काढली आणि फूटपट्टीने दोन्ही कर्ण मारले. खाली डावीकडे पैठणच्या बाजूचा उजळलेला ढग, वर उजवीकडे आपला लाडका लाल डाग, आणि दोघांच्या बरोबर मधोमध फ्रेमचं केंद्र. असं केंद्राच्या बरोबर पलीकडे पडतं ते भूतच. पोटात गोळाच आला. तरी खात्री हवी म्हणून स्वयंपाकघरातले दिवे घालवले आणि मोबाइलचा टॉर्च ओट्यावर, ढगाच्या जागी येईल असा ठेवला. वर उजवीकडे तोच डाग! लेन्सपुढचा फिल्टर काढला, डाग गायब. आई दारातून म्हणाली, "झालं असेल तर दूध तापवू का?"

फसलो कसा, तर भूत आणि वीज एकाच फ्रेममध्ये येतात, कारण भुताचा उजेडच मुळी विजेचा. पुढच्या फ्रेममध्ये दोन्ही नाहीत. पुढे आर-६० हा लाल फिल्टर लावलेला, म्हणून रंगही लाल. स्प्राइटची लक्षणं तरी काय वेगळी? डाग बाजूला सरकलेला होता, पण स्प्राइट विजेच्या अगदी डोक्यावरच होतो असं नाही, अशी मीच माझी समजूत घातली. उंची मात्र ९० किलोमीटर निघाली होती. स्प्राइटचं वरचं टोक जेमतेम तिथवर पोचतं, माझ्या डागाचा तर मध्यच तिथे. तेव्हाच शंका यायला हवी होती. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटात विंक्लर आणि त्यांची शास्त्रज्ञ मंडळी रॉकेट-मोहिमेसाठी कॅमेरा तपासत होती आणि त्यांना पहिला स्प्राइट ध्यानीमनी नसताना मिळाला. आम्ही मुलुंडच्या गच्चीवर चार मोसम डास मारतोय.

फिल्टर बोरा बाजारातल्या एका दुकानातला, "मल्टिकोटेड आहे साहेब" म्हणून गळ्यात मारलेला. ट्यूबलाइटखाली तिरका धरला तर नळीचं प्रतिबिंब लख्ख पांढरं. कोटिंग असतं तर ते मंद आणि हिरवट-जांभळं दिसलं असतं. तुम्हीही आपापले फिल्टर असे धरून बघा.

फिल्टर काढून टाकावा, तर ऐरोलीच्या एलईडी दिव्यांनी क्षितिज दुधाळ होतं. म्हणून पुठ्ठ्याची पाचर घालून तो थोडा तिरका बसवायचा, म्हणजे भूत बाजूला जाईल, असं ठरवलं होतं.

पण हे लिहितानाच सुचलं: भूत केंद्रातून पलीकडे जातं ना? मग ढगच फ्रेमच्या मधल्या आडव्या रेषेवर ठेवायचा! भूतही त्याच रेषेवर पडेल, वरचं आभाळ स्वच्छ. ५० मिमी लेन्सने आडव्या व्हिडिओत वरच्या अर्ध्यात फक्त ११ अंश उरतात, आणि अडीचशे किलोमीटरवरचा स्प्राइट साधारण १० ते १८ अंशांत असतो. कॅमेरा उभा केला की जवळजवळ २० अंश मिळतात. खालच्या अर्ध्यात मिठागरं आणि समोरच्यांची वाळत घातलेली चादर येईल, येऊ दे. रुंदी जाते, म्हणजे दामिनी या वीज दाखवणाऱ्या अ‍ॅपवरचे ठिपके बघून नेम धरावा लागेल. पाचर रद्द.

एक चांगलं झालं. सेक्रेटरी काकांनी परतीचा पाऊस संपेपर्यंत गच्चीची किल्ली माझ्याकडेच ठेवायला सांगितलं. रात्री दोनला बेल वाजवलेली त्यांना आवडली नव्हती.

आत्ता नगरच्या पलीकडे ठिपके वाढतायत. माझ्या ट्रायपॉडचं डोकं उभं केलं की कॅमेऱ्याच्या वजनाने हळूहळू खाली घसरतं. कोणाकडे एल-ब्रॅकेट (कॅमेरा ट्रायपॉडवर उभा बसवायची काटकोनी पट्टी) पडून आहे का? ठाणे-घाटकोपर पट्ट्यात असेल तर तासाभरात येतो.