हजेरीची वही

गेल्या महिन्यात दादर स्थानकाच्या पुलावर एका पंचविशीतल्या मुलीने मला थांबवून विचारले, "ताई, तुम्हांला पुन्हा कधी कशावर विश्वास ठेवता आला का हो?" तिने नुकताच घरचा पंथ सोडला होता आणि मीही तशीच बाहेर पडलेली आहे, हे तिला कोणाकडून तरी कळले होते. त्या गर्दीत मी तिला धड उत्तर देऊ शकले नाही. गेली २३ वर्षे हा प्रश्न माझ्याजवळ आहे, म्हणून आज तो नीट मांडून पाहते.

आमच्या पंथाचे नाव मी घेणार नाही. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी सत्संगाला जावे लागे. सभागृहाच्या दाराशीच हजेरीची वही असे आणि लागोपाठ दोन गुरुवार चुकले की तिसऱ्या दिवशी ज्येष्ठ मंडळी घरी चौकशीला येत. बाहेरचे अन्न वर्ज्य होते, दुसऱ्या देवळाची पायरी वर्ज्य होती, इतकेच काय, आमच्याच चाळीच्या गणपतीसमोर हात जोडणेही वर्ज्य होते. शंका विचारणे हा गुरुद्रोह मानला जाई. माझ्या आत्याने पंथाबाहेर लग्न केले, तेव्हा तिचे नाव घरात उच्चारणे बंद झाले; आजी गेली त्या दिवशी ती धावत आली, तर तिला जिन्यावरच अडवण्यात आले आणि अडवणारे तिचे सख्खे भाऊ, म्हणजे माझे बाबा होते. मी तेव्हा ११ वर्षांची होते आणि दारातून आत्याचा फक्त पदर मला दिसत होता. पुढे २६व्या वर्षी मी पंथ सोडला, पण तो खरा सुटला त्या जिन्यावर, असे मला आज वाटते.

बाहेरच्या लोकांचा असा समज असतो की विश्वास उडाला म्हणून माणूस पंथ सोडतो आणि सोडला की मोकळा होतो. माझा अनुभव असा आहे की विश्वास फार आधी जातो आणि भीती फार नंतर. पंथ सोडल्यावर कितीतरी वर्षे, लोकल चुकली, ताप आला, नोकरीत काही बिनसले, की पहिला विचार मनात येई तो शिक्षेचा. धुपाचा वास आला तरी पोटात गोळा उठे. अशा पंथात श्रद्धा आणि आज्ञापालन यांची वीण इतकी घट्ट असते की यातले आपले कोणते आणि लादलेले कोणते, हे त्या माणसाला स्वतःलाच सांगता येत नाही. म्हणून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षे जे काही हाती लागते, त्याला मी श्रद्धा म्हणायला तयार नाही. माझ्याबरोबर बाहेर पडलेली एक मैत्रीण वर्षभरातच दुसऱ्या गुरूंच्या चरणी गेली आणि तिथेही दर आठवड्याची हजेरी देऊ लागली. मी उलट टोकाला गेले. शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा प्रसाद आणला, तर मी तो दारातूनच परत केला आणि तेही उपदेश करून. त्या काकूंचा पडलेला चेहरा मला आजही आठवतो.

या विषयाचा विचार करताना पंडिता रमाबाईंकडे मी पुन्हा पुन्हा वळते. व्रते, उपवास, तीर्थयात्रा यांत कसूर न करताही दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली आणि त्या कर्मकांडावरचा त्यांचा विश्वास ढळला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशीही धर्मतत्त्वांवरून त्यांचे वाद झाले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जाण्याची त्यांची तयारी नव्हती. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडणाऱ्या रमाबाई श्रद्धाळू होत्याच, परंतु त्या श्रद्धेत प्रश्न विचारण्याचा हक्क शाबूत होता.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांनी धर्म सोडण्यामागे जातीने केलेला घोर अन्याय होता आणि माझ्या दुःखाची त्याच्याशी तुलना होऊच शकत नाही. पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला केली आणि नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये २१ वर्षे गेली. एवढ्या विद्वान माणसाने जुने नाकारणे आणि नवे स्वीकारणे यांत एवढा काळ जाऊ दिला असेल, तर काल घर सोडलेल्या मुलीला "मग आता तुझा कशावर विश्वास आहे?" असे विचारण्याची घाई आपण का करावी?

आणि सुटतो तो केवळ विचार नसतो, माणसेही सुटतात. वाळीत टाकणे या शहराला नवे नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला, आणि महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला. बाबा माझ्याशी नऊ वर्षे बोलले नाहीत. आई चर्नी रोडच्या पुलावर चोरून भेटे आणि डबा हातात देऊन लगेच वळे. त्या काळात देव हवा असे मला वाटे, तेव्हा मला खरे म्हणजे आई हवी असे. ही दोन भुकांची सरमिसळ ओळखायला मला फार उशीर लागला.

पुढे आई आजारी पडली आणि रुग्णालयाच्या बाकावर एका रात्री माझ्या नकळत माझ्या ओठांवर पंथाचा मंत्र आला. मला स्वतःचाच संताप आला. ही श्रद्धा होती, सवय होती की भीती, याचा निवाडा मी आजवर करू शकलेले नाही. आई गेल्यावर मी आत्याकडे काही दिवस राहिले. ती रोज तिन्हीसांजेला दिवा लावते. मी विचारले, "आत्या, एवढं सगळं होऊनही तुझा विश्वास राहिला?" तिने वात सारखी करत म्हटले, "अगं, दिवा लावते एवढं खरं. कुणासाठी लावते, ते अजून ठरवलेलं नाही मी." ४० वर्षांत तिने ते ठरवले नव्हते आणि त्यावाचून तिचे अडलेही नव्हते.

त्यानंतरच्या आषाढीला मी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत उभी राहिले. पाऊस होता, रांग लांब होती. मला कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, गेल्या वर्षी का आला नव्हतात असेही विचारले नाही. पुढच्या बाईने मागे वळून माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि ती पुन्हा टाळ वाजवू लागली. गाभाऱ्यापाशी पोहोचल्यावर मी हात जोडले की नाही, ते मला नीट आठवत नाही. घरी येऊन अंथरुणावर पडले आणि ती ओळखीची भीती कधी येते, याची वाट पाहत राहिले. मग कधी झोप लागली, ते कळले नाही. सकाळी उशीला बुक्का लागलेला होता.