कोणत्या डॉक्टरचं औषध?

परवा एका एकवीस वर्षांच्या पोरानं माझी चूक काढली आणि ती अजून खुपतेय.

बुधवारी संध्याकाळी मी इथे इंग्लंडात मेडिकलच्या मुलांकडून सायकियाट्रीच्या ऑस्कीची, म्हणजे खोट्या पेशंटशी बोलून द्यायच्या प्रॅक्टिकल परीक्षेची, तयारी करून घेते. आठ मिनिटांचं स्टेशन, म्हणजे एक प्रसंग, होतं: पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन आलेली बाई, ती पुन्हा असं करेल का याचा अंदाज घ्यायचा. बाई मीच. आधीपासून ठरवलं होतं का, चिठ्ठी लिहिली होती का, घरात कुणी नसेल अशी वेळ बघितली का, वाचल्याचं आता काय वाटतं, सगळं त्यानं न अडखळता विचारलं. छान होतं. नंतर शेरा देताना माझ्या तोंडून 'कमिटेड सुइसाइड' गेलं. तो नम्रपणे म्हणाला, "आम्ही कमिट म्हणत नाही. तो गुन्ह्याचा शब्द आहे."

बरोबरच आहे. इंग्लंडात 1961पासून हा गुन्हा नाही. पण माझं एमबीबीएस झालं तेव्हा आपल्याकडे जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं 309 कलम होतं. अशी केस आली की एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायचा, कागद आधी. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याची धार काढली, तोवर मी विमानात बसले होते. सायकियाट्रीची पोस्टिंग दोन आठवड्यांची, त्यातही निम्मी मुलं लायब्ररीत. आणि आमच्या ओपीडीत आठ मिनिटांत चार पेशंट व्हायचे, हे त्याला कोण सांगणार?

घरी येऊन भांडी घासताना मात्र वाटलं, 'आत्महत्या' या शब्दात तर सरळ हत्याच आहे. पण तो शब्द पेपरवाल्यांचा. पेशंटच्या घरचे कुठे म्हणतात? ते म्हणतात, जिवाचं बरंवाईट केलं. नाहीतर, औषध घेतलं.

विदर्भात इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात एक आजी धापा टाकत कॅज्युअल्टीत आली. "पोरानं औषध घेतलं जी." मी पेन काढून विचारलं, "कोणत्या डॉक्टरचं?" सिस्टरनं मला अक्षरशः बाजूला सारलं. "मॅडम, फवारणीचं!" आणि ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, आणायला पळाली.

पोरगा वाचला. मी आजीच्या नजरेला नजर देत नव्हते.

पुढच्या बुधवारी मी आजी होणार आहे. 'त्यानं काहीतरी घेतलंय' एवढंच म्हणेन. त्या शहाण्याचा नंबर पहिला.