नवीन स्टार ट्रेक: अंधाराबद्दल माझी तक्रार वेगळी आहे

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या नव्या सिरीजचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतंच, आता फारच डार्क करून टाकलंय सगळं, आधी कसं आशादायी होतं, बघून बरं वाटायचं. २०१७ मध्ये डिस्कव्हरी ही सिरीज आली तेव्हापासून हे चालूय आणि २०२० मध्ये पिकार्ड आल्यावर तर विचारूच नका. राग मलाही येतो, खूप येतो, पण जुनं सगळं गोडगोड होतं आणि नव्यांनी ते नासवलं हे मला अजिबात पटत नाही. (पुढे जवळपास सगळ्या सिरीजचे स्पॉयलर आहेत, बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या.)

जुनं गोडगोड होतं कधी? मूळ सिरीजच्या १९६७ मधल्या ‘सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या एपिसोडमध्ये जहाजाचा कॅप्टन कर्क भूतकाळात, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो, एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो आणि मग त्याचा सहकारी स्पॉक त्याला सांगतो की ही बाई जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार. ती रस्ता ओलांडत असते, ट्रक येत असतो, जहाजाचा डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला डोळ्यांसमोर मरू द्यायचं, तेही आपल्या हातांनी. याहून डार्क काय असतं? आणि रक्तामांसाचं म्हणाल तर नेक्स्ट जनरेशन या सिरीजच्या १९८८ मधल्या ‘कॉन्स्पिरसी’त फेजर (किरणांची बंदूक) मारून माणसाचं डोकं फुटलेलं सरळ स्क्रीनवर दाखवलंय, सोज्वळ म्हणतात त्या सिरीजच्या पहिल्याच सीझनमध्ये. त्यामुळे डिस्कव्हरीत टिली नावाची कॅडेट एक शिवी देते त्यावरून जो गदारोळ झाला तो मला तेव्हाही कळला नाही आणि आजही कळत नाही.

मग मला खुपतं काय? तर आइचेब.

ज्यांनी व्हॉयेजर ही सिरीज बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. बोर्गच्या (लोकांना पकडून, शरीरात यंत्रं बसवून आपल्यात ओढणारी जमात) जहाजावर सापडलेला मुलगा, बोर्गमधूनच सुटलेली सेव्हन ऑफ नाइन त्याला सांभाळते, शिकवते, स्वतःच अजून माणूस व्हायला शिकत असताना दुसऱ्याला शिकवते. सातव्या सीझनमध्ये सेव्हनचा कॉर्टिकल नोड (डोक्यातला बोर्ग पार्ट, ज्याच्याशिवाय ती जगू शकत नाही) निकामी होतो, ती मरणार असते, तर हा पोरगा स्वतःचा नोड तिला देतो, जिवावरचा धोका पत्करून, कोणी मागितलेला नसताना. आता पिकार्डचा पहिला सीझन, पाचवा एपिसोड. सुरुवातीलाच आइचेब टेबलावर बांधलेला, जिवंत, शुद्धीवर, आणि त्याच्या शरीरातले बोर्ग पार्ट विकण्यासाठी काढणं चाललेलं, भूल वगैरे काही नाही. डोळा उपटून काढतात तो कॅमेरा अगदी जवळून दाखवतो. आणि काढणारी बाई विचारत असते की याचा कॉर्टिकल नोड कुठाय!

तो नोड सेव्हनच्या डोक्यात आहे हो! जी आत्ता दार फोडून आत येणार आहे आणि त्याला मिठीत घेऊन गोळी घालणार आहे, तिच्याच डोक्यात. लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं, त्याशिवाय तो प्रश्न तिथे येणारच नाही. एवढं मोठं दुःख हातात होतं, ज्याने मला जगवलं त्याला मी मारलं आणि त्याचीच वस्तू घेऊन मी जगतेय, यावर एखादी लेखक मंडळी अख्खा सीझन काढतील. इथे काय होतं, पुढच्या सीनमध्ये तेरा वर्षं निघून गेलेली आणि थोड्याच वेळात सिरीजचा नायक पिकार्ड डोळ्यावर पट्टी लावून खोट्या फ्रेंच उच्चारात नाटक करतोय. मजेमजेचं. त्याच एपिसोडमध्ये. नोडबद्दल नंतर चकार शब्द नाही. एपिसोडच्या शेवटी सेव्हन सूड घेते आणि विषय संपला. त्याच एपिसोडमध्ये पिकार्डबरोबरची शास्त्रज्ञ जुराती मॅडॉक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाचा खून करते आणि सीझन संपतो तेव्हा ती सगळ्यांबरोबर आनंदात जहाजावर.

आता याच्याशेजारी नेक्स्ट जनरेशनचा १९९० चा ‘फॅमिली’ हा एपिसोड ठेवून बघा. त्याच्या आधीच्या दोन भागांत बोर्गनी पिकार्डला पळवून लोक्यूटस, म्हणजे त्यांच्यातलाच एक, बनवलेलं असतं, त्याचंच ज्ञान वापरून वुल्फ ३५९ च्या लढाईत ३९ जहाजं आणि जवळपास ११,००० माणसं संपवलेली असतात. सुटका झाली, जग वाचलं. दुसऱ्या कोणी लगेच पुढच्या ग्रहावर नेलं असतं, पण त्यांनी काय केलं तर एक अख्खा एपिसोड जहाज दुरुस्तीला लावून ठेवलं, शत्रू नाही, लढाई नाही, काही नाही. पिकार्ड फ्रान्समध्ये भावाकडे जातो, द्राक्षांच्या मळ्यात दोघं भांडतात, मारामारी करतात, चिखलात लोळतात, हसायला लागतात आणि हसता हसता तो माणूस ढसाढसा रडायला लागतो, की त्यांनी माझ्याकडून सगळं करून घेतलं आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही. आणि भाऊ, जो खडूस आहे, तो खोटा दिलासा देत नाही, म्हणतो हे तुला आता आयुष्यभर बाळगावं लागणार आहे. मी जेव्हा जेव्हा तो सीन बघतो तेव्हा घशात आवंढा येतो. तिथे अत्याचार जवळजवळ दाखवलेलाच नाही, पण त्या माणसाचं काय झालं हे पूर्ण दाखवलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे, दाखवायचं तेवढं दाखवा, पण मग तिथे थांबा.

डीप स्पेस नाइन या सिरीजला थांबता यायचं. १९९८ चा ‘इन द पेल मूनलाइट’, नायक सिस्को रोम्युलन लोकांना (एक परग्रही साम्राज्य) आपल्या बाजूने युद्धात ओढायला खोटे पुरावे बनवून घेतो, ते उघडं पडतं तेव्हा त्याचा साथीदार गॅरक परस्पर रोम्युलन सिनेटरचं यानच उडवतो, आणि सिस्को आपल्याकडे बघून कबुली देत राहतो की मी हे केलं, मग हे, मग हे. दर शुक्रवारी लागणारी मेलेल्यांची यादी आपल्याला माहीत असते, त्यामुळे तो चुकला असंही ठामपणे म्हणवत नाही. शेवटी सिस्को हा कबुलीचा लॉग पुसून टाकायला सांगतो. त्याच्या उलट डिस्कव्हरीच्या पहिल्या सीझनचा शेवट, स्टारफ्लीटने, म्हणजे नायकांच्याच आरमाराने, शत्रू क्लिंगॉन लोकांचा अख्खा ग्रह उडवायची योजना मंजूर केलेली असते, म्हणजे सिस्कोच्या पापापेक्षा कितीतरी मोठं पाप, आणि ते एका एपिसोडात सुरू होऊन नायिका बर्नमच्या चार वाक्यांनी मिटतं, मग भाषण, पदक. मंजुरी देणाऱ्यांना रात्री झोप लागली का, त्यांची चौकशी झाली का, कोणी राजीनामा दिला का, हे मला बघायचं होतं.

काहीजण म्हणतात काळच तसाय, सिरीज पण तशीच होणार. हे मला पळवाट वाटते. १९६६ ला मूळ सिरीज सुरू झाली तेव्हा व्हिएतनाम पेटलेलं होतं, अणुयुद्धाची भीती रोजची होती, आणि तरी त्यांनी दुसऱ्या सीझनला ब्रिजवर (जहाजाच्या कंट्रोल रूममध्ये) चेकॉव्ह म्हणून एक रशियन आणून बसवला, आफ्रिकन वंशाची उहुरा आणि आशियाई वंशाचा सुलू तर आधीपासून होतेच. काळ बरा होता म्हणून आशा लिहिली असं काही झालेलं नाही. मला खरं कारण जास्त साधं वाटतं, दहा-पंधरा भागांची एकच गोष्ट, प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का हवा, दर सीझनला अख्खी आकाशगंगा धोक्यात हवी, मग रडायला, भांडायला, नुसतं बसायला वेळ उरणार कुठून. (आणि ब्रिजवर दिवे लावा की जरा, कोणाचा चेहरा दिसत नाही.)

नव्यांना जमतच नाही असंही नाही. २०२२ मध्ये आलेल्या स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सच्या पहिल्या सीझनचा सहावा एपिसोड बघा. ढगांत तरंगणारं सुंदर शहर, आणि ते तरंगत ठेवण्यासाठी एका लहान मुलाला यंत्राला जोडून त्याचा जीव घेतला जातो, त्यांच्या दृष्टीने पवित्र परंपरा. जहाजाचा कॅप्टन पाइक वाचवायला जातो, उशीर झालेला असतो. मुलगा वाचत नाही. शेवटच्या क्षणी कोणी बटण दाबून सोडवत नाही. आणि मग अलोरा, जिच्यावर पाइकचं प्रेम आहे, ती त्यालाच विचारते की तुमच्या फेडरेशनमध्ये (पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ) कुठलंच मूल हाल सोसत नाही का, आम्ही निदान त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. पाइककडे याला छान तयार उत्तर नाहीये, त्याचं घृणेने तिथून निघून जाणं हेच उत्तर. रक्ताचा थेंब नाही त्यात, आणि मला तो पिकार्डच्या त्या एपिसोडपेक्षा दसपट डार्क वाटतो आणि तरी शंभर टक्के स्टार ट्रेक वाटतो, कारण तिचा प्रश्न एपिसोड संपल्यावरही आपल्या मागे लागतो. डिस्कव्हरी आणि पिकार्ड बघून वैतागून ज्यांनी सगळंच सोडून दिलं त्यांनी निदान हा एक एपिसोड बघाच, आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं.